चौथ्या दिवशीचे मरण

लंडनमधील डेव्हिड वॉल्श या वैद्यांनी १८९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. त्यात मोठा सिद्धान्त नव्हता, की कोणत्या शोधाचा दावाही नव्हता. क्ष-किरणांच्या नळीपाशी रोज काम करणाऱ्या एका माणसाच्या पोटात कळा येऊ लागल्या व त्याला जुलाब सुरू झाले. तो सुट्टीवर गेला की उतार पडे आणि कामावर परतला की दुखणे पुन्हा उलटे. अखेर नळी आणि उदर यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा ठेवण्याची युक्ती करण्यात आली, आणि तक्रार थांबली. रंटगेन यांनी व्हुर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत हे किरण प्रथम पाहिले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. म्हणजे शोधाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच त्या किरणांचा एक फार खोलवरचा गुण कोणाच्या तरी आतड्यांना कळून चुकला होता.

त्या टिपणाकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. क्ष-किरणांनी कातडी भाजते, केस गळतात, हाताला न भरणारे व्रण पडतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते. एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली हा साहाय्यक अशाच इजांनी १९०४ साली मरण पावला, तेव्हा त्याची वार्ता सर्वत्र झाली. पोटात काय चालले आहे ते मात्र दिसत नव्हते. दिसणारी इजा लवकर मान्य होते. न दिसणारीला पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा बहुधा मेलेल्यांच्या देहातून काढावा लागतो.

ज्या अवयवाची ही कथा आहे, त्याची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याची आतली बाजू मखमलीसारखी असून तिच्यावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर उभे असतात. यांना रसांकुर म्हणतात. त्यांवरील अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. अन्नातील सत्त्व रक्तात घेणे आणि आतड्यातील जंतूंना रक्तात येऊ न देणे, ही दोन्ही कामे हेच नाजूक अस्तर करते. रसांकुरांच्या पायथ्याशी अरुंद विहिरींसारखे खळगे असतात. बर्लिनच्या योहान लीबरक्यून यांनी १७४५ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना लीबरक्यूनच्या कूपिका असे नाव पडले. या कूपिकांचे खरे काम काय, हे कळावयास मात्र आणखी दोन शतके जावी लागली. आणि ते कळेपर्यंत क्ष-किरणांचे कोडेही सुटणार नव्हते.

बोर्दो येथील बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघांनी १९०६ साली एक नियम मांडला. ज्या पेशी वेगाने विभागत असतात, ज्यांच्यापुढे अजून पुष्कळ विभागणी व्हावयाची असते आणि ज्यांनी अद्याप आपले निश्चित रूप धारण केलेले नसते, त्यांना किरणांचा उपद्रव सर्वांत अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा नियम त्यांना उंदरांच्या वृषणांवरील प्रयोगांतून सुचला होता. आतड्याचा विचार त्यात नव्हता. त्याला पुढे अपवादही पुष्कळ निघाले. पण दिशा बरोबर होती. पुढे सहा वर्षांनी, १९१२ साली, क्लोद रेगो, नोजिए आणि लाकासान्य या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या उदरावर किरणांचा विस्तृत मारा करून पचनमार्गाला होणाऱ्या जखमांचे वर्णन केले. आपल्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी या परिणामांना ‘भयंकर’ हे विशेषण लावले होते. शास्त्रीय निबंधाच्या मथळ्यात असा शब्द सहसा येत नाही.

यानंतरचे काम अमेरिकेत झाले, आणि या इतिहासाचा मध्यबिंदू तोच आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील हूपर प्रतिष्ठानात जॉर्ज व्हिपल हे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. पुढे १९३४ साली पांडुरोगावरील यकृत-आहाराच्या संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु तत्पूर्वी ते दुसऱ्याच एका प्रश्नात गुंतले होते. कठीण क्ष-किरणांची मोठी मात्रा दिलेले कुत्रे विषबाधा झाल्याप्रमाणे का मरते, हा तो प्रश्न. शरीरातील प्रथिने फुटून त्यांचे विष तयार होते, अशी तेव्हा समजूत होती, आणि व्हिपल यांच्या निबंधांच्या मथळ्यांतही ‘विषबाधा’ हाच शब्द आहे. त्यांचे तरुण सहकारी स्टॅफर्ड वॉरेन यांच्यासह त्यांनी १९२२ च्या सुमारास जी प्रयोगमालिका प्रसिद्ध केली, तिची रीत साधी होती. तीच मात्रा छातीवर द्यावयाची, आणि तीच उदरावर द्यावयाची. छातीवर मारा झालेली कुत्री त्या काळात धडधाकट राहिली. उदरावर मारा झालेली कुत्री पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीसारखी असत. मग त्यांचे अन्नावरचे चित्त उडे. वांती व अतिसार सुरू होत. जुलाबात रक्त दिसू लागे. आणि साधारणपणे चौथ्या दिवशी ती मरत. शवपरीक्षेत यकृत, प्लीहा, वृक्क यांत मरणाचे कारण ठरावे असे काही सापडत नसे. सापडे ते एवढेच, की लहान आतड्याचे अस्तर नाहीसे झालेले आहे. काही ठिकाणी ते सपाट झालेले असे, तर काही ठिकाणी ते उरलेलेच नसे.

विष बाहेरून आलेले नव्हते आणि आतही तयार झालेले नव्हते. भिंत पडली होती, एवढेच. व्हिपल आणि वॉरेन यांनी वैद्यांना स्पष्ट इशारा दिला की, उदरातील अर्बुदांवर खोल किरणोपचार करताना आतड्याचे अस्तर किती हळवे आहे याचा विसर पडू देऊ नये. मात्र एक गोष्ट त्यांनाही उलगडली नव्हती. किरण काही सेकंदांत वा मिनिटांत शरीरातून निघून जातात. मग प्राणी चौथ्या दिवसापर्यंत थांबतो कशासाठी?

१९४३ साली याच स्टॅफर्ड वॉरेन यांना अमेरिकेच्या अणुबॉम्ब-योजनेच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख नेमण्यात आले आणि त्यांना कर्नलचा हुद्दा मिळाला. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला, तेव्हा किरणांपासून संरक्षणाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. तेव्हा पुढील तीन महिन्यांत जे घडले ते अज्ञानापोटी घडले, असे म्हणण्यास जागा राहत नाही. ज्ञान त्याच खात्यात, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताशी होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला. तेथील दळणवळण खात्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः जखमी होऊन आपल्याच रुग्णालयात खाटेवर पडले होते, आणि तशा स्थितीत त्यांनी रोजनिशी लिहिली. ती पुढे १९५५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांच्या ध्यानात आले की, भाजलेल्या आणि चिरडलेल्या रुग्णांखेरीज एक तिसरी तऱ्हा आहे. अंगावर विशेष जखम नाही, पण वांती थांबत नाही आणि रक्ताचे जुलाब होतात, असे हे रुग्ण होते. डॉक्टरांना साहजिकच संसर्गजन्य आमांशाची शंका आली आणि पडक्या रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांना वेगळे ठेवण्याची धडपड केली. बॉम्बमधून विषारी वायू सोडला असावा, अशीही वदंता होती. त्या वैद्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शकसुद्धा उरला नव्हता. तो काही दिवसांनी मिळाला आणि मग रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी विलक्षण घटल्या आहेत हे दिसून आले. जे पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात रक्तातिसाराने गेले, त्यांच्यापैकी ज्यांच्या शवपरीक्षा झाल्या, त्यांत लहान आतड्याच्या अस्तराची तीच दुर्दशा आढळली, जी १९२२ साली कुत्र्यांमध्ये आढळली होती. या शवपरीक्षांचा विस्तृत वृत्तान्त १९४९ साली अमेरिकन विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात आला.

जपानमध्येही हे विज्ञान अगदी परके नव्हते. तोक्यो विद्यापीठातील शल्यविशारद मासाओ त्सुझुकी यांनी अमेरिकेतच राहून सशांवर कठीण क्ष-किरणांचे प्रयोग केले होते आणि त्यांचा निबंध १९२६ साली तेथील नियतकालिकात छापून आला होता. १९४५ च्या सप्टेंबरात अमेरिकन पाहणी-पथक आले तेव्हा त्यांनी तो जुना निबंध पथकातील डॉक्टरांच्या हाती ठेवला, आणि आपण सशांवर केलेला प्रयोग अमेरिकेने माणसांवर पुरा केला, अशा आशयाचे उद्गार काढले. पथकाचे वैद्यकीय नेतृत्व स्टॅफर्ड वॉरेन यांच्याकडे होते.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये वेगळीच चिंता होती. लोक बॉम्बनंतर कित्येक दिवसांनी मरत आहेत, असे जपानी नभोवाणी सांगत होती. योजनेचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी २५ ऑगस्ट १९४५ रोजी ओक रिज येथील रुग्णालयाच्या डॉक्टरांना दूरध्वनी करून याविषयी विचारले. त्या संभाषणाचे शब्दशः टिपण ठेवण्यात आले होते, आणि ते उपलब्ध आहे. हे सारे भाजल्याचे परिणाम असावेत आणि बाकीचा भाग प्रचाराचा असावा, असे उत्तर त्यांना मिळाले. सरकारी दप्तरांची ही एक खोड आहे की, जे उत्तर हवे असते ते देणारा माणूस बहुधा जवळच सापडतो. ५ सप्टेंबर रोजी विल्फ्रेड बर्चेट या वार्ताहराने लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’मधून हिरोशिमातील अणुरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचा अधिकृतपणे इन्कार करण्यात आला. आणि नोव्हेंबरमध्ये सेनेटच्या समितीपुढे साक्ष देताना ग्रोव्ह्ज यांनी सांगितले की, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे किरणांनी येणारे मरण हे फार सुखाचे असते.

या साक्षीनंतर सहा-सात महिन्यांतच त्यांच्याच खात्यातील एका माणसाने त्या मरणाचा अनुभव घेतला. २१ मे १९४६ रोजी लॉस अलामॉस येथे लुई स्लॉटिन हे कॅनेडियन शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती बेरिलियमची अर्धगोल कवचे एकमेकांजवळ आणण्याचे प्रात्यक्षिक करीत होते. दोन कवचांमध्ये फट राखण्यासाठी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घातला होता, तो सटकला. क्षणभर निळी प्रभा चमकली. स्लॉटिन यांनी वरचे कवच हाताने उडवून दिले, आणि त्यामुळे खोलीतील इतर सात जण वाचले. त्यांना स्वतःला काही वेळातच वांती झाली. मग मधले काही दिवस त्यांची प्रकृती बरीच स्थिर भासली. त्यानंतर आतड्यांची हालचाल बंद पडली, पोट फुगले, शुद्धी हरपली, आणि ३० मे रोजी, नवव्या दिवशी, त्यांचा अंत झाला. लॉस अलामॉसच्या डॉक्टरांनी तेथील अपघातांतील नऊ रुग्णांचा साद्यन्त वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध केला. त्यात स्लॉटिन यांच्या आतड्याविषयी जे लिहिले आहे ते वाचल्यावर सुखाच्या मरणाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

चौथ्या दिवसाचे कोडे सुटले ते किरणशास्त्रज्ञांच्या हातून नव्हे. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील शारीरशास्त्रज्ञ लेब्लाँ यांनी स्टीव्हन्स यांच्यासमवेत १९४८ साली दाखवून दिले की, पांढऱ्या उंदराच्या आतड्याचे अस्तर सतत नवे होत असते. कूपिकांच्या तळाशी पेशी अहोरात्र विभागत असतात. तेथून त्या रांगेने वर सरकतात, रसांकुरावर चढतात, शोषणाचे काम करतात आणि टोकाशी पोहोचल्यावर गळून पडतात. उंदरात हा प्रवास दोन दिवसांच्या आत संपतो. माणसात त्याला तीन ते पाच दिवस लागतात. आतड्याचे अस्तर ही वस्तू नसून वाहता प्रवाह आहे, आणि लीबरक्यूनच्या कूपिका हा त्याचा झरा आहे.

आता सारे जुळले. रसांकुरावरील तयार पेशींना किरणांचे फारसे भय नसते. त्यांना विभागावयाचेच नसते. किरण घाव घालतात तो तळाच्या विभागणाऱ्या पेशींवर. एखाद्या कार्यालयात नवी भरती एकाएकी बंद व्हावी, पण निवृत्त होणाऱ्यांच्या तारखा मात्र पूर्वी ठरल्याप्रमाणे चालू राहाव्यात, तसे होते. पहिल्या दिवशी कोणाच्या काही लक्षात येत नाही. सर्व मेजांवर माणसे असतात. काही दिवसांनी मेजे रिकामी दिसू लागतात. आतड्यात ही वेळ आली म्हणजे रसांकुर आखडतात, मग उघडे पडतात. शरीरातील पाणी व क्षार पाझरून जातात आणि आतले जंतू रक्तात शिरतात. मधले समाधानाचे दिवस हे बरे होण्याचे लक्षण नसते. तो केवळ शिल्लक साठा असतो.

व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले हेन्री क्वास्टलर यांनी उंदरांवरील आपल्या प्रयोगांत, १९४५ पासून पुढे, एक चमत्कारिक गोष्ट नोंदली होती. सुमारे एक हजार रंटगेनांपासून दहा हजारांपर्यंत मात्रा कितीही वाढविली, तरी उंदीर साडेतीन दिवसांनीच मरे. मात्रा दसपट आणि मरणाची वेळ तीच. विष असते तर अधिक विषाने मरण लवकर आले असते. भरतीच बंद होण्याचा प्रकार असेल, तर ती पुरती बंद झाल्यावर हुकूम दहादा काढला तरी निवृत्तीच्या तारखा काही अलीकडे येत नाहीत. १९५६ च्या निबंधात त्यांनी या मरणाच्या स्वरूपाची मीमांसा केली. माणसाचा प्रवाह उंदराहून मंद असल्यामुळे त्याचा शेवटही उशिरा, साधारणतः एक ते दोन आठवड्यांत येतो; स्लॉटिन यांचे नऊ दिवस या हिशेबात बसतात. पुढे जंतुविरहित वातावरणात वाढविलेले उंदीर किरणांनंतर बरेच अधिक काळ जगतात असे आढळले. त्यांत जंतूंच्या अभावाचा वाटा होता, तसाच अशा उंदरांच्या अस्तराचा प्रवाह मुळातच संथ असतो याचाही होता.

यानंतर वैद्यकाची जी प्रगती झाली ती अस्थिमज्जेच्या बाजूला झाली. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीवर सहा जण किरणांत सापडले. पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना दुसऱ्यांची मज्जा दिली. पाच वाचले, एक गेला. मज्जा रक्तातून देता येते आणि ती आपली जागा शोधून घेते. सहा मीटरचे अस्तर तसे देता येत नाही. चेर्नोबिलच्या एप्रिल १९८६ मधील अपघातात १३४ जणांना तीव्र किरणरोग झाला व त्यांतील २८ जण त्याच वर्षी मरण पावले. तेव्हा १३ जणांवर मज्जारोपण झाले, पण कातडी आणि आतडे यांपुढे त्याचा उपयोग फार थोडा झाला. जपानमधील तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी युरेनियमचे द्रावण प्रमाणाबाहेर ओतल्यामुळे तीन कामगार किरणांत सापडले. सर्वाधिक मात्रा मिळालेल्या कामगाराला त्याच्या बहिणीच्या रक्तातील मूलपेशी देण्यात आल्या आणि त्या रुजल्याही. आतड्याचे अस्तर मात्र गळाले. रोज कित्येक लिटर द्रव बाहेर पडू लागला व तेवढाच आत भरावा लागला. ८३ व्या दिवशी तो मरण पावला. इतके दिवस त्याला जगविणे योग्य होते की नव्हते, याविषयी जपानमध्येच पुढे पुष्कळ चर्चा झाली. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांना हे कोणी विचारावयाची गरज नव्हती. ते स्वतःलाच विचारीत होते.

कूपिकेच्या तळाशी नेमक्या कोणत्या पेशी झऱ्याचे काम करतात, हा शोध दीर्घकाळ चालला. विदर्स आणि एलकिंड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, मारा झालेल्या उंदराच्या आतड्यात किती कूपिका पुन्हा उगवल्या ते मोजता येऊ लागले. एकच समर्थ पेशी वाचली तरी कूपिका पुन्हा उभी राहू शकते, हे त्यातून दिसले. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ साली या मूलपेशींची खूण पटविली आणि २००९ साली अशा एका पेशीपासून काचपात्रात आतड्याचे इवले प्रतिरूप वाढवून दाखविले. मध्यंतरी, २००१ साली, न्यूयॉर्कच्या संशोधकांनी घाव मुळात अस्तराच्या नव्हे तर त्याखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींवर पडतो असा पक्ष मांडला होता. त्यावर मोठा वाद झाला. पुढील प्रयोगांचा कौल बव्हंशी अस्तराच्याच बाजूने पडला, आणि १९२२ च्या कुत्र्यांची साक्ष कायम राहिली.

बॉम्ब आणि अपघात यांनी मेलेल्यांची संख्या काही झाले तरी मर्यादित आहे. हा प्रश्न ज्यांच्या पुढ्यात रोज येतो ते लोक निराळे, कर्करोगाचे रुग्ण आहेत. रेगो यांनीच पुढे पॅरिसच्या रेडियम संस्थेत दाखवून दिले की, मात्रा एकदम न देता अनेक हप्त्यांनी दिली तर भोवतालच्या निरोगी भागाला सावरण्यास अवसर मिळतो. आजच्या सर्व किरणोपचारांचा पाया तोच आहे. कूपिका हप्त्याहप्त्याला सावरतात. पण आतड्याची एक दुसरी, सावकाश येणारी व्याधी आहे. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, रक्तवाहिन्या अरुंद होतात, भिंत ताठर बनते, मार्ग आकसतो; रोग बरा झालेली बाई जुलाब आणि पोटदुखी घेऊन उरलेले आयुष्य काढते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशय काढून टाकल्यावर हा धोका वाढतो, कारण रिकाम्या झालेल्या जागेत लहान आतड्याची वेटोळी खाली उतरतात आणि नेमकी किरणांच्या वाटेत येतात.

या व्याधीची मोजदाद मुंबईत झाली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण तेथे पहिल्यापासून मोठ्या संख्येने येत आले आहेत. डॉ. सुप्रिया चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा स्मारक केंद्रात २०११ पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांचे दोन गट पाडून तुलना केली. एका गटाला पूर्वीच्या रूढ पद्धतीने किरण दिले, तर दुसऱ्याला रोज प्रतिमा घेऊन, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-अधिक करून, आतड्याला टाळत दिले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्याचा लक्षणीय दीर्घकालीन त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, तर दुसऱ्या गटात २१.१ टक्के स्त्रियांना झाला. आणि रोगावरील ताबा दोन्हीकडे सारखाच राहिला.

हा बचाव नुसत्या यंत्राने होत नाही. ओटीपोटावर किरण घेण्यापूर्वी रुग्णाला ठरावीक पाणी पाजून काही वेळ थांबविण्याची रीत आहे. मूत्राशय भरला म्हणजे तो आतड्याची वेटोळी वर ढकलतो, आणि तेवढी ती वाटेतून दूर होतात.